स्थानिक इतिहास संग्रहालयातील वस्तूंविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या आमच्या छोट्या संग्रहालयात येणारी मंडळी, सहली घेऊन येणारे शिक्षक आणि माळ्यावरच्या पेटीत काही सापडले की त्याचे छायाचित्र पाठवणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकाच मुद्द्याची पुनरुक्ती टाळण्यासाठी जेथे गरज आहे तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नागपुरात अजब बंगला असताना तालुक्याच्या गावी वेगळे संग्रहालय कशाला हवे?

अजब बंगला, म्हणजेच नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ साली सुरू झाले आणि तेव्हाच्या मध्यप्रांतातील दूरदूरच्या भागांतून मूर्ती, शिलालेख, नाणी, शस्त्रे असे बरेच काही तेथे जमा होत गेले. त्याची जागा कोणी घेऊ शकत नाही. परंतु धान्याचे माप, हातमागाचा धोटा, मालगुजाराच्या (गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या जमीनदाराच्या) वाड्यातील जमाबंदीचे कागद, पोरांचा लाकडी नंदी अशा वस्तू तेथपर्यंत सहसा पोचत नाहीत. त्या घराघरांत मोडतात, भंगारात जातात किंवा चुलीत जातात. शिवाय त्या ओळखणारी माणसे अजून गावातच आहेत. एका आजींनी आमच्याकडची जात्याची मांडणी पाहून "हे असं नाही ठेवत जी, खुंटा आपल्याकडे येतो" असे म्हणत स्वतः बसून हात फिरवून दाखवला, तेव्हा आम्ही मांडणी तर बदललीच, शिवाय त्यांनी सांगितलेले सारे नोंदवहीत उतरवून घेतले. अशी दुरुस्ती वस्तू आपल्या मुलखात असली तरच मिळते.

२. वस्तू किती जुनी आहे हे तुम्ही कसे ठरवता? पाटीवर नेहमी "अंदाजे" का लिहिलेले असते?

वस्तूवर साल कोरलेले असेल तर काम सोपे, पण तसे क्वचितच असते. बाकी वेळी धातू, घडण, अक्षरांचे वळण, झीज आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती कोठे, कोणाकडे, कशासोबत मिळाली, यांवरून काळ बांधावा लागतो. यांतील शेवटचा पुरावा सर्वांत भक्कम असतो, आणि नेमका तोच सर्वांत आधी हरवतो. शेतात एका जागी मिळालेले खापर, मणी आणि लोखंडाचा तुकडा एकत्र राहिले तर एकमेकांचा काळ सांगतात, पण तेच तीन घरांत वाटले गेले की तिघेही मुके होतात. म्हणून आमची कळकळीची विनंती असते की वस्तू आणण्याआधी तिची हकिकत लिहून आणावी. "अंदाजे" या शब्दाने पाटी कमी दर्जाची होत नाही. पुरावा जेथपर्यंत नेतो तेथेच थांबल्याची ती कबुली आहे.

३. काचेच्या पहिल्या कपाटातील अर्धे काळे, अर्धे तांबडे मडके रंगवलेले आहे का?

नाही, तो रंग भट्टीचा आहे. मडके पालथे घालून भाजले की बाहेरच्या अंगाला हवा मिळून माती तांबडी होते, तर आतल्या अंगाला आणि राखेत दबलेल्या काठाला हवा न मिळाल्याने ती काळी पडते. अशी भांडी विदर्भातील शिळावर्तुळांमध्ये मोठ्या प्रमाणावर मिळतात. नागपूरहून काटोलच्या वाटेवर जुनापाणी येथे अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत: मोठे धोंडे गोलाकार मांडलेले आणि मधली जागा माती-मुरमाने भरलेली. ती लोहयुगातील, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील दफने होत. मृताबरोबर लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आणि भांडी ठेवलेली आढळतात. माहूरझरी येथे तर घोड्यांचे अवशेष आणि त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकारही मिळाले आहेत. हे लोखंड बाहेरून आणलेले होते का, असे मुले विचारतात. पारशिवनी तालुक्यातील नाईकुंड येथील उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली, हे त्याचे उत्तर आहे.

या संशोधनाच्या आरंभी एक दुःखद घटना घडली. नागपुरात शाळा चालवणारे आणि येथल्या खडकांचा व आदिवासी समाजांचा अभ्यास करणारे स्टीफन हिस्लॉप हे १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून वारले. अजब बंगला सुरू झाला तेही हेच वर्ष.

४. वाकाटकांचा ताम्रपट अस्सल आहे की नक्कल?

नक्कल आहे, आणि तसे पाटीवर स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही तो नीट न्याहाळावा. पत्रे एका कडीत ओवलेले आहेत, कडीला राजमुद्रा आहे, आणि पहिल्या पत्र्याची बाहेरची बाजू कोरी ठेवली आहे, कारण ती घासली जाणार हे कोरणाऱ्याला ठाऊक होते. प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर लहानशी चौकोनी पेटी दिसते, म्हणून या लिपीला पेटिकाशीर्षक ब्राह्मी म्हणतात. मजकुरात कोणाला कोणते गाव दिले आणि त्याच्या चतुःसीमा काय, हे येते, आणि शेवटी दान हिरावून घेणाऱ्याला शाप असतो.

वाकाटकांची नंदिवर्धन ही राजधानी म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता हिने अल्पवयीन मुलांच्या वतीने येथून कारभार पाहिला. अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा याच नगरधनला मिळाली. रामटेकला जाणाऱ्या प्रत्येक सहलीने वाट वाकडी करून नगरधनलाही जावे, असे आम्हांला मनापासून वाटते.

५. आमच्याकडे "श्री राजा शिव" लिहिलेले तांब्याचे नाणे आहे. ते शिवाजी महाराजांनीच पाडलेले असेल ना?

ती शिवराई आहे. एका बाजूस "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूस "छत्रपति" अशी तिची ओळख. मात्र महाराजांच्या नंतरही हीच अक्षरे ठेवून दीड शतकाहून अधिक काळ ठिकठिकाणी शिवराया पाडल्या गेल्या, त्यामुळे घरोघरी आढळणाऱ्या बहुतेक शिवराया पेशवाईतील आहेत. अक्षरे आखीव, पूर्ण आणि ठिपक्यांच्या कड्यात बसलेली असतील तर तज्ज्ञाला अवश्य दाखवावे. अक्षरे अर्धी कापली गेली असतील, ओळींमध्ये दोन आडव्या दांड्या असतील, तर ती उत्तरकालीन दुदांडी शिवराई होय.

नागपूरकर भोसल्यांच्या नाण्यांबाबत याच्या उलट गैरसमज होतो. त्यांवर फारसी अक्षरांत मुघल बादशहाचे नाव असल्याने ती भोसल्यांची नाहीतच असे समजून लोक बाजूला टाकतात. त्या काळी चलनाला मान्यता मिळावी म्हणून बादशहाच्या नावाने नाणी पाडण्याची पद्धतच होती, हे ध्यानात ठेवावे.

६. रामदरबाराचे चित्र आणि "ईस्ट इंडिया कंपनी १८१८" असे लिहिलेले नाणे लाखो रुपयांना जाते म्हणतात. तुम्ही विकत घ्याल का?

नाही. राम-लक्ष्मण-सीता, हनुमान किंवा लक्ष्मी यांची चित्रे असलेली नाणी कंपनी सरकारने व्यवहारासाठी कधीच पाडली नाहीत. हे बाजारात तयार झालेले बिल्ले आहेत, आणि १६१६, १७१७, १८१८ अशी सहज लक्षात राहणारी साले त्यांवर घातलेली असतात. देवघरात ठेवायला हरकत नाही, पण "ग्राहक तयार आहे, आधी तपासणीचे पैसे भरा" असे सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

७. आणि तांदूळ ओढणारे तांब्याचे भांडे?

असे भांडे नसते. तांबे तांदूळ ओढत नाही, वीज पडल्यानेही त्याच्या अंगी ती शक्ती येत नाही, आणि परदेशातील कोणतीही संस्था ते कोट्यवधींना विकत घेत नाही. या फसवणुकीत शेती विकलेली कुटुंबे आहेत. कोणी संग्रहालयाचे नाव सांगून असे भांडे "प्रमाणित" करून देतो म्हणाला, तर थेट पोलीस ठाणे गाठावे.

८. भोसल्यांच्या तलवारीचे पाते परदेशी कसे? मग ती आपली कशी म्हणायची?

मराठा सरदारांमध्ये युरोपातून आलेल्या लांब, सरळ पात्यांना मोठी मागणी होती. त्यांना येथे "फिरंग" म्हणत, आणि मूठ येथला कारागीर आपल्या पद्धतीने बसवी. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत मिळवलेली पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार याच जातीची आहे. तिचे पाते युरोपीय असून त्यावर देवनागरीत रघूजींचे नाव आणि "सेनासाहेब सुभा" हा नागपूरकरांचा किताब सोन्याने लिहिलेला आहे. पाते कोठे घडले यावरून तलवारीचे गाव ठरत नाही. ती कोणी बांधली आणि कशासाठी उपसली यावरून ठरते.

घरात जुनी तलवार, कट्यार किंवा दांडपट्टा असेल तर शस्त्र कायदा लागू होऊ शकतो. ती पिशवीत घालून बसने आमच्याकडे आणू नये. आधी छायाचित्र पाठवावे आणि पोलीस ठाण्यात चौकशी करावी.

९. लाकडी बैल हे खेळणे आहे. ते संग्रहालयात कशाला?

हा प्रश्न बहुधा विदर्भाबाहेरचे पाहुणे विचारतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. मुले चाकांवरचा लाकडी नंदी सजवून मिरवतात आणि घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागतात. भोसल्यांच्या काळापासून ही प्रथा चालत आल्याचे सांगतात. आमच्या संग्रहातील सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे मला कोणी विचारले, तर मी ताम्रपटापुढून उठून या नंदीपुढे जाऊन उभा राहीन.

तो सागवानी आहे आणि उंचीला गुडघ्याएवढा. डावे शिंग मूळचे नाही, दुसऱ्याच लाकडाचे बसवलेले आहे. पोटाखाली रंग उडालेल्या जागी निरखून पाहिले की वरच्या लाल थराखाली निळा, त्याखाली पांढरा आणि अगदी तळाशी हळदीसारखा पिवळा दिसतो. प्रत्येक थर म्हणजे तो पुढच्या मुलाच्या हाती गेल्याची खूण होय. मागच्या चाकांचे भोक घासून लांबट झाले आहे, पुढच्यांचे मात्र गोलच राहिले आहे. दोरीने ओढताना पुढचा भाग किंचित उचलला जाई आणि सारा भार मागे येई, म्हणून असे झाले असावे. देणाऱ्या कुटुंबाने त्याला पुन्हा रंगवून आणण्याची तयारी दाखवली होती. आम्ही हात जोडून नको म्हटले (प्रश्न १४ पाहावा).

१०. पायली, शेर, मण यांचे किलोत किती होतात?

याचे एकच उत्तर देता येत नाही, कारण वजनाचा शेर वेगळा आणि मापाचा शेर वेगळा. ब्रिटिश काळी ठरवून दिलेल्या वजनांत ८० तोळ्यांचा शेर (सुमारे ९३३ ग्रॅम) आणि ४० शेरांचा मण (सुमारे ३७.३ किलो) होता. पायली मात्र आकारमानाचे माप आहे. तिच्यात ज्वारी मावेल त्याच्या वजनाइतके तीळ मावणार नाहीत, आणि गावोगावच्या पायलीत फरक असे. त्यातही सपाट माप आणि शीग लावलेले माप यांत बराच फरक पडे. सावकाराने घेताना शीग लावून घेणे आणि देताना सपाट देणे, ही तक्रार जुनी माणसे आजही सांगतात. आमच्याकडील एका लोखंडी मापाचे बूड आतून वर ठोकलेले आहे. बोट आत घालून पाहिले की फुगवटा हाताला लागतो, बाहेरून मात्र काहीच कळत नाही. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, पण मापे वापरातून जायला पुढे बरीच वर्षे लागली.

११. नऊवारी लुगडे घडी घालूनच का ठेवले आहे? उलगडून दाखवत का नाही?

प्रकाशाने रंग उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून कापडावर अगदी मंद उजेड ठेवतात आणि काही महिन्यांनी ते विश्रांतीसाठी पेटीत जाते. शिवाय रेशीमकाठी सूत जुने झाले की घडीवरच तुटते, म्हणून घड्यांत मऊ सुती कापडाच्या वळकट्या घातल्या आहेत. शेजारचा खड्डामाग, धोटा, फणी आणि कांड्या एका कोष्टी कुटुंबाच्या आहेत. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली आणि गिरणीच्या सुताने विणकराचे जग बदलले. ज्या मुलांचे आजोबा माग चालवत, ती मुले पुढे साच्यावर कामाला गेली. या दालनात थांबून रडणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्याशी बोलण्यासाठी तेथे एक बाक ठेवला आहे.

१२. मोडी कागदावरचे साल कसे वाचायचे?

आधी कोणते साल आहे ते ओळखावे. शके असेल तर ७८ मिळवावेत: शके १७७५ म्हणजे इसवी सन १८५३-५४, तिसरे रघूजी वारल्यावर नागपूरचे राज्य खालसा झाले तो काळ. फसली, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचे, साल असेल तर ५९० ते ५९३ च्या दरम्यान आकडा मिळवावा लागतो. नेमका आकडा प्रदेशावर आणि महिन्यावर ठरतो, त्यामुळे मिती पाहिल्याशिवाय पक्के लिहू नये. संपूर्ण कागद वाचून हवा असल्यास दोन्ही बाजूंचे, सपाट उजेडात काढलेले छायाचित्र पाठवावे. मूळ कागद टपालाने पाठवू नये.

१३. आजोबांच्या १९५३ च्या दाखल्यावर "मध्यप्रदेश" लिहिले आहे. आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या नागपूर जिल्ह्यातले. दाखला खोटा आहे का?

दाखला खरा आहे. मध्यप्रांत १८६१ मध्ये अस्तित्वात आला, पुढे त्याला वऱ्हाड जोडले गेले, १९५० पासून त्याचेच नाव मध्यप्रदेश झाले आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे एकाच घरात बसून आजोबा तीन राज्यांत राहिले. या काळातील दाखले, स्टँप कागद, शिधापत्रिका आम्हांला आवर्जून हव्या आहेत, कारण "फार जुने नाही" म्हणून नेमके हेच कागद टाकले जातात. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, तेव्हाचे कागदही याच सदरात येतात.

१४. वस्तू देण्यापूर्वी चिंचेने किंवा लिंबाने घासून स्वच्छ करून आणू का?

कृपया करू नये. तांब्या-पितळेवरचा काळपट किंवा हिरवट थर पुष्कळदा धातूचे रक्षणच करतो, आणि घासताना त्याच्याबरोबर अक्षरांच्या कडाही जातात. नाणे चकचकीत झाले की त्याचा अभ्यासही संपतो आणि किंमतही उतरते. एकच अपवाद लक्षात ठेवावा: फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी डागळ दिसली तर तो धातूचा रोग आहे. तेव्हा वस्तू कोरड्या डबीत वेगळी ठेवून लवकर कळवावे, स्वतः मात्र काही लावू नये.

कागदांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसापर्यंत जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. या आक्रसण्या-फुगण्यात प्लॅस्टिकमध्ये कोंडलेला कागद आतल्या आत कुजतो. धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून, भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवला तर वाळवी आणि कसर यांपासून बराच वाचतो.

१५. विहीर खोदताना किंवा नांगरताना जुनी नाणी सापडली तर ती आमचीच ना?

लगेच नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. चौकशीनंतर ती बेवारस ठरली आणि शासनाने ठेवून घेतली नाही, तर शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटणीची तरतूद आहे. शासनाने घेतली तर धातूच्या किमतीपेक्षा एक पंचमांश अधिक मोबदला मिळतो. न कळवणाऱ्याचा हक्क जातो आणि शिक्षाही होऊ शकते. याशिवाय १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू, आणि महत्त्वाची हस्तलिखिते असल्यास पंच्याहत्तर वर्षांहून जुनी, खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. सापडलेली वस्तू थेट आमच्याकडे आणली तर आम्ही ती दाखल करून घेऊ शकत नाही. अर्ज लिहायला मात्र नक्की मदत करू.

१६. गावच्या पारावर कोरीव दगड उघड्यावर पडले आहेत. तुम्ही ते उचलून का नेत नाही?

पडलेले वाटले तरी पुष्कळदा ते पुजलेले असतात. खाली लढाई, मध्ये अप्सरांनी उचलून नेलेला वीर, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असे टप्पे असतील तर तो वीरगळ, आणि बांगड्या भरलेला हात कोपरातून उभा कोरलेला असेल तर सतीशिळा. असा दगड ज्या वेशीवर आहे त्या वेशीचा तो पुरावा असतो, आणि ज्या घरांचा तो देव आहे त्यांना न विचारता त्याला हात लावणे आम्हांला मान्य नाही. आम्ही मापे घेतो, चारही बाजूंची छायाचित्रे काढतो आणि शेंदराचे जाड कवच न खरवडण्याची विनंती करतो. रस्ता रुंद करताना दगड हलवला जाणार असेल, तर मात्र त्याच दिवशी कळवावे.

१७. घरात सांगितली जाणारी हकिकत आणि तुमची पाटी जुळत नसेल तर काय करता?

समजा एखाद्या कुटुंबाने दिलेली बंदूक १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईतील असल्याचे पिढ्यांपासून सांगितले जाते, पण तिची घडण त्यानंतरची दिसते. अशा वेळी पाटीवर दोन ओळी येतात: वर "घडणीवरून काळ", खाली "कुटुंबातील हकिकत". दुसरी ओळ खोडायची नाही, कारण पणजोबा त्या लढाईत असतील आणि बंदूक बदलली असेल, किंवा ती आठवणच खऱ्या लढाईला चिकटून पुढे आली असेल. दोन घरे एकाच वस्तूवर हक्क सांगतात तेव्हा दोघांचे म्हणणे सहीनिशी नोंदवून घेतो आणि वाद मिटेपर्यंत वस्तू दाखल करून घेत नाही. पाटी चुकली आहे असे आपल्याला वाटत असेल तर प्रवेशद्वाराजवळच्या जाड वहीत वस्तूचा क्रमांक घालून लिहावे. जात्याच्या खुंट्याची दुरुस्तीही त्याच वहीत, पहिल्या पानावर, त्या आजींच्या अंगठ्यासह आहे.